मुंबईची ट्राम ओढणारे घोडे

हुतात्मा चौकातले हे ट्रामचे रूळ. २०१७ साली खोदकाम करताना डांबराखाली सापडले आणि जपून ठेवले, हे फार बरं झालं. फक्त ट्राम म्हटलं की आपल्याला घंटा वाजवत जाणारी विजेची ट्राम आठवते. मुंबईची ट्राम पहिली तीसेक वर्षं घोड्यांनी ओढली. या रुळांशेजारी त्यांचाही एक फलक हवा, असं आम्हाला वाटतं.

(जुना फोटो, हळूहळू जवळ)

डबा राहू द्या, घोड्यांच्या डोक्यांकडे बघा. टोप्या आहेत! मुंबईच्या उन्हाचा चटका बसू नये म्हणून घातलेल्या. साहेबाला हॅट, तशी त्याच्या ट्रामच्या घोड्यालाही.

खरं तर ही ट्राम नऊ वर्षं आधीच यायची होती. १८६५ मध्ये एका अमेरिकी कंपनीला परवानाही मिळाला होता. पण त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, तिथला कापूस पुन्हा बाजारात येणार म्हणून मुंबईच्या कापसाचे भाव गडगडले, शेअरबाजार बुडाला. ट्राम कागदावरच राहिली. मग १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली आणि ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून. आणि बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. कुलाब्याहून पायधुणीला तीन आणे. पैसे द्यायचे, पण हातात तिकीट नाहीच! गर्दी वाढली तसे तीनाचे दोन आणे झाले, तिकिटंही आली.

(रुळांचा क्लोजअप)

सुरुवातीला गाड्या २०, घोडे २००. गाडीला जुंपायचे एक किंवा दोन, मग गाडीमागे दहा कशाला? कारण घोडा काही तासांत दमतो; त्याला सोडून ताजा जुंपावा लागतो. रुळावर चाक हलकं फिरतं, एकदा गाडी सुटली की ओढ कमी लागते. जीव काढतो तो पहिला हिसका. माणसं चढणार, उतरणार, गाडी पुन्हा उभी. घोड्याने पुन्हा मागचे पाय रोवायचे, छातीवरच्या पट्ट्यात अंग झोकायचं, भरलेला डबा जागचा हलवायचा. पुढच्या थांब्यावर तेच. पाळी संपली की तबेला, खरारा आणि तोबऱ्यात चंदी. नाल झिजला असेल तर नालबंदाकडे.

शेवटी शेवटी घोड्यांची संख्या १,३६० वर गेली होती. एवढी तोंडं रोज पोसायची, ट्राम चालो न चालो.

(विजेच्या ट्रामचा फोटो)

१९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. घोड्यांचं काम संपलं. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी झाली.