डोळ्यातली उलटी प्रतिमा सरळ कोण करतं?

नमस्कार! ‘दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी पडते आणि मेंदू ती सरळ करतो.’ दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला असलेला प्रकाश टिपणारा पडदा. हे वाक्य मीही परीक्षेत लिहिलंय, मार्कही मिळवलेत. त्यातला पहिला अर्धा भाग बरोबर. दुसऱ्याशी माझं भांडण आहे.

प्रतिमा उलटी पडते, यात वादच नाही. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६०४ सालीच ते मांडलं. पुढे १६३७ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं तर पाहायची रीतच लिहून ठेवली: बैलाचा डोळा घ्या, मागची आवरणं कापून तिथे पातळ कागद लावा, खोलीत अंधार करा आणि डोळ्याची पुढची बाजू उजेडाकडे धरा. कागदावर बाहेरचं दृश्य उमटतं, खाली डोकं वर पाय.

आता ‘मेंदू सरळ करतो’ म्हणताना आपण मनात काय धरलेलं असतं? डोक्यात एक पडदा आहे, त्यावर चित्र येतं आणि आत बसलेलं कुणीतरी ते फिरवून बघतं. बरं, मग त्या आतल्या माणसाच्या डोळ्यात प्रतिमा कशी पडते? उलटीच ना? ती कोण सरळ करणार?

खरं म्हणजे चित्र मेंदूपर्यंत जातच नाही. दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या आसपास, आणि डोळ्यातून बाहेर पडणाऱ्या दृष्टिचेतेत, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या नसेत, तंतू साधारण १० लाख. म्हणजे काटछाट डोळ्यातच होते. कडा कुठे आहे, उजेड कुठे बदलला, काय हललं, एवढं निवडून पुढे पाठवलं जातं, तेही विद्युत-रासायनिक ठोक्यांच्या रूपात. ठोक्याला वर-खाली कुठून असणार? मेंदूच्या लेखी इतकंच ठरलेलं असतं की या तंतूवरून निरोप आला म्हणजे वस्तू त्या दिशेला. दृष्टिपटलाच्या खालच्या भागातून आला, तर वस्तू वर.

पटत नाही? करून बघू. कॉन्टॅक्ट लेन्स असेल किंवा डोळ्याचं काही दुखणं, ऑपरेशन असेल, तर तुम्ही फक्त ऐका.

[डोळे मिटून, बोट उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी]

डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांनीच नजर नाकाकडे वळवा. आता कानाकडच्या कोपऱ्यावर, पापणीवरून, बोटाच्या टोकानं अगदी हलका दाब द्या. हलका म्हणजे हलकाच. दिसलं? एक फिकट गोल चमकला. कुठे? बोट कानाकडे आणि चमक नाकाकडे! उजेड नाही, भिंग नाही, प्रतिमाही नाही. बोटानं फक्त पेशी दाबल्या. पण दृष्टिपटलाच्या त्या भागाचा निरोप म्हणजे ‘विरुद्ध बाजूला काहीतरी आहे’, असाच अर्थ मेंदू लावतो. सरळ करायला इथे काही नव्हतंच.

आता हा कागद. डावीकडे फुली, उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठिपका. डावा डोळा झाका, उजव्यानं फुलीकडेच बघा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका गायब! दृष्टिचेता जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. हा अंधबिंदू. गंमत पुढे आहे. ठिपक्यातून एक आडवी रेघ ओढा आणि पुन्हा करा. ठिपका जातो, रेघ मात्र अखंड दिसते. तिथे भोक दिसत नाही, काळं दिसत नाही. आसपासच्या निरोपांवरून मेंदू ती जागा भरून टाकतो.

‘डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला’ हेही सर्रास ऐकू येतं. तसं नाही. प्रत्येक डोळ्यातले नाकाकडच्या अर्ध्या भागाचे तंतूच पलीकडे जातात, कानाकडचे आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे तुमच्या नजरेच्या डावीकडे जे काही आहे, ते दोन्ही डोळ्यांकडून उजव्या मेंदूत पोचतं.

आणि भिंग. किरण सर्वांत जास्त वळवतं ते भिंग नव्हे, पुढचं पारपटल, म्हणजे डोळ्याच्या दर्शनी भागावरचं पारदर्शक आवरण. जवळपास दोन तृतीयांश काम तिथेच उरकतं. भिंगाचं काम जवळ-दूरची जुळणी.

शेवटचा समज, ‘चेता म्हणजे विजेची तार’. इथे ‘वीज’ हा शब्दच घोळ घालतो. तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीच्या दिशेनं सरकतात. चेतातंतूत सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आवरणातल्या दारांतून आत शिरतात, त्यामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्यापुढची. वेळ लागतो. हा वेग मोजताच येणार नाही असं शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर म्हणायचे. त्यांच्याच शिष्यानं, हेल्महोल्ट्झनं, १८५० मध्ये बेडकाच्या चेतेत तो मोजला, सेकंदाला तीसेक मीटर. माणसातले सर्वांत वेगवान तंतू १२० मीटरपर्यंत जातात. ठणक्याचा निरोप नेणारे बारीक तंतू मात्र सेकंदाला मीटरभर, रमतगमत.

पायाचा अंगठा टेबलाला आपटतो तेव्हा आठवून बघा. आधी आपटल्याचं कळतं, पाय तर त्याच झटक्यात मागे आलेला असतो. मग एक रिकामा क्षण जातो. ‘आता दुखणार’ हे तुम्हाला माहीत असतं, पण अजून दुखत नसतं. तो ठणका तेव्हा वाटेतच असतो.