न झालेल्या काविळीची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार. हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला होणारी एका विषाणूची लागण, म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कावीळ येते. या आजाराचे दीर्घकाळचे नुकसान मात्र बहुतांशी अशांच्या शरीरात होते, ज्यांचे डोळे लागणीच्या वेळी पिवळे झालेच नव्हते.

हा विषाणू रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो. शरीराबाहेरही तो निदान 7 दिवस तग धरतो, म्हणून दाढीच्या पात्यावर वाळलेला, नजरेला न दिसणारा रक्ताचा अंशसुद्धा दुसऱ्याच्या कापलेल्या त्वचेला धोक्याचा ठरतो. एकत्र जेवल्याने, खोकल्याने वा मिठी मारल्याने तो पसरत नाही; रुग्णाची भांडी वेगळी ठेवून त्याला दुखावण्यापलीकडे काही साधत नाही.

पुढचा प्रवास ठरतो तो मुख्यतः लागणीच्या वेळच्या वयावर. निरोगी प्रौढांपैकी 95 टक्क्यांहून अधिक जण काही महिन्यांत विषाणूला आवरतात, तर जन्मतः लागण झालेल्या सुमारे 90 टक्के बाळांत तो कायमचा ठाण मांडतो. हे उलटे वाटेल. पण यकृताच्या पेशी विषाणू स्वतः फारशा मारत नाही, त्याला हुसकावू पाहणारी आपली प्रतिकारशक्तीच मारते. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती या पाहुण्याला हटकतच नाही, त्यामुळे कावीळ होत नाही आणि सुटकाही होत नाही.

पुढे अनेक वर्षांनी ही प्रतिकारशक्ती जागी होते, आणि मग वारंवार सूज, त्यावर व्रण, त्यातून सिरॉसिस (व्रणांनी यकृत कठीण होऊन त्याचे काम मंदावणे) किंवा यकृताचा कर्करोग अशी वाटचाल काहींच्या बाबतीत सुरू होते. क्वचित सिरॉसिस नसतानाही कर्करोग होतो. रक्ततपासणीत एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या बाह्य आवरणातले प्रथिन, 6 महिन्यांनंतरही सापडले, तर लागण दीर्घकालीन समजतात. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही विषाणूविरोधी गोळी रोज घेतल्यास विषाणूची वाढ थोपते, मात्र पेशीच्या केंद्रकात दडलेला त्याचा डीएनए सहसा शिल्लकच राहतो, म्हणून या गोळ्या मनाने बंद करणे घातक ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये 25 कोटी 40 लाख लोक या दीर्घकालीन लागणीसह जगत होते.

लसीचा पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत देण्याचा आग्रह असतो तो याचसाठी: आई बाधित असेल, तर बाळाची विषाणूशी गाठ जन्मतानाच पडलेली असते.