भट्टी, बस आणि २०५०

[पहाट. बेकरी. भट्टीचं तोंड जवळून.]

पहाटेचे चार. मुंबईतल्या एका जुन्या बेकरीत पावाची पहिली लादी बाहेर येतेय. कोपऱ्यात सरपण रचलंय. मोडलेले दरवाजे, खिडक्यांच्या चौकटी, प्लायवूडचे तुकडे. कुणाच्या तरी घरातलं जुनं कपाट आज पाव भाजतंय, वरच्या पॉलिशसकट.

जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा भट्ट्यांना सहा महिन्यांची मुदत दिली: लाकूड-कोळसा सोडा, गॅसवर किंवा विजेवर या. नोटिसा बजावणं आलं महापालिकेच्या वाट्याला. बेकरीवाले विचारतात, नवी भट्टी बसवायला पैसे कुठून आणायचे? आणि पावाला तीच चव येणार का? चवीचं एक वेळ राहू द्या, पैशाचं म्हणणं मात्र खोटं नाही.

[महापालिका मुख्यालय. समोर सीएसएमटीची गर्दी.]

याच महापालिकेने १३ मार्च २०२२ रोजी 'मुंबई वातावरण कृती आराखडा' जाहीर केला. २०५०पर्यंत नेट झिरो, म्हणजे शहर जेवढा कार्बन हवेत सोडेल त्याची पुरती भरपाई व्हायला हवी. गंमत अशी, की आराखडा आला तेव्हा नगरसेवकांची मुदत संपून सहा दिवस झाले होते. पुढची निवडणूक व्हायला २०२६चा जानेवारी उजाडला. जवळजवळ चार वर्षं, 'आमच्या वॉर्डात याचं काय झालं?' असं सभागृहात विचारायला कुणी नव्हतं.

आता हिशेब बघा. आराखड्यानुसार २०१९ साली मुंबईचं उत्सर्जन होतं सुमारे २ कोटी ३४ लाख टन. त्यातला ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, त्यातही मुख्यतः विजेचा. वाहतूक २० टक्के, कचरा ८. भट्टीचा धूर आजूबाजूच्या चाळीतल्या माणसाच्या छातीत जातो, म्हणून तो थांबायलाच हवा. पण कार्बनच्या या वहीत तो कुठल्या कुठे राहतो.

[रात्र. उंच इमारती. प्रत्येक मजल्यावर एसीची खोकी.]

खरा आकडा इथे आहे. आणि इथेच महापालिकेचा हात आखडतो. शहराची बरीचशी वीज कोळशावरची, विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या, दर ठरवणारा वीज नियामक आयोग वेगळा. महापालिकेच्याच बेस्टची, म्हणजे शहराच्या बस चालवणाऱ्या उपक्रमाची, वीज आहे, पण ती कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, आणि तीही बाहेरून विकत घेतलेली. छतावर सौर पॅनेल लावा, असं महापालिका सांगू शकते. पण तीस मजली टॉवरचं छत केवढं, आणि त्याखाली बिऱ्हाडं किती!

जून २०२४मध्ये महापालिकेने क्लायमेट बजेट मांडलं, म्हणजे हवामान बदलाशी जोडलेल्या कामांच्या खर्चाची वेगळी बेरीज. पूर आवरण्याची कामंही त्यातच. १०,२२४ कोटी रुपये, भांडवली खर्चाच्या जवळपास ३२ टक्के. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून घर गाठणाऱ्याला पूर आवरण्यावरचा खर्च नकोसा कसा वाटेल? तो हवाच. पण पूर आवरणं वेगळं आणि कार्बन घटवणं वेगळं. दोन्ही एकाच बेरजेत आली की आकडा भारदस्त दिसतो. म्हणून असं बजेट वाचताना एकच बघायचं: यातलं नवं काम किती, आणि जुन्याच कामावर नवा शिक्का किती.

[संध्याकाळ. कुर्ला. बसथांबा.]

राहिली वाहतूक. बेस्टच्या ताफ्यात विजेवरच्या बस आल्या. २०२३पासून एसी डबलडेकरही धावतेय. लाल, चकचकीत, लोक फोटो काढतात. पण एकेकाळी चार हजारांवर असलेला बेस्टचा ताफा आता तीन हजारांच्याही खाली आलाय.

थांब्यावर रांग वळसा घालून पुढच्या दुकानापर्यंत गेलीय. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. रांगेतली एक बाई पिशवी या हातातून त्या हातात घेते, रस्त्याकडे बघते, पुन्हा घड्याळाकडे. शेवटी मागचे दोघं पुढे होऊन हात करतात.

"स्टेशन?"

ती पण त्यांच्यासोबत रिक्षात बसते.