संत्र्याचा रंग आणि शिरोरेषा

आज येताना मी तीन वस्तू बरोबर आणल्या आहेत: एक संत्रे, त्याच संत्र्याचे छायाचित्र आर्ट पेपरवर छापलेले एक पत्रक, आणि पडद्यावर तेच छायाचित्र उघडून ठेवलेला माझा मोबाइल. पहिल्या रांगेतल्या मंडळींना दिसत असेल की मोबाइलवरचे संत्रे खऱ्या संत्र्याहूनही तेजस्वी आहे आणि कागदावरचे विटलेले, काहीसे तांबूस. नागपुरात हा फरक गिऱ्हाइकाला दाखवून द्यावा लागत नाही. फार वर्षांपूर्वी एका फळव्यापाऱ्याच्या खोक्यासाठी मी लेबल केले होते. संगणकावर त्याला ते फार आवडले, आणि छापून आल्यावर त्याने विचारले, “हे संत्रे आठवडाभर उन्हात पडले होते काय?” मी छापखान्याला बोल लावला. तिथल्या वयस्क मशीनमनने काही न बोलता माझ्या हातात भिंग ठेवले.

प्रगत ग्राफिक डिझाइन कसे शिकावे यावर बोलण्यासाठी मला बोलावले आहे, आणि माझे सांगणे त्या भिंगापासूनच सुरू होते. प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेला विद्यार्थी पुढचा टप्पा म्हणून बहुधा आणखी एक सॉफ्टवेअर शिकतो. माझ्या मते त्याने आधी आपले काम शेवटी कशावर उतरणार आहे हे शिकावे, कारण शाई आणि प्रकाश यांचे स्वभाव वेगळे आहेत आणि ते पाठ केलेल्या आकड्यांवरून कळत नाहीत.

पडद्यावरचा नारिंगी प्रकाशाच्या बेरजेतून होतो: लाल पूर्ण, हिरवा निम्म्याच्या आसपास आणि निळा शून्य. कागदावरचा हिशेब वजाबाकीचा असतो. पांढऱ्या कागदावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांत येतो. माझ्या लेबलात यलो, म्हणजे पिवळी शाई, १०० टक्के आणि मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी शाई, ५० टक्के होता; टक्के म्हणजे शाईच्या ठिपक्यांनी कागदाचा किती भाग झाकायचा. भिंगातून पाहिले तेव्हा पिवळ्या जमिनीवर मॅजेंटाचे ठिपके दिसले, आणि ते मी योजल्यापेक्षा बरेच लठ्ठ होते. छपाईच्या दाबाखाली ठिपका फुगतो. चांगल्या कोटेड, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या, कागदावरही ५० टक्क्यांचा ठिपका ६५ ते ७० टक्क्यांसारखा दिसतो आणि वर्तमानपत्राच्या शोषक कागदावर त्याहून मोठा. मॅजेंटा वाढला की नारिंगी तांबड्याकडे सरकतो, एवढीच त्या उन्हात पडलेल्या संत्र्याची कथा. पुढच्या खेपेला मी मॅजेंटा चाळिसाच्या खाली आणला आणि व्यापारी गप्प झाला. खूश झाला असे मात्र म्हणवत नाही. कारण नारिंगीचा सर्वांत झगझगीत भाग सायन (निळसर), मॅजेंटा, यलो आणि काळी या छपाईच्या नेहमीच्या चार शायांच्या आवाक्यातच नाही. रंगांची मानके ठरवणाऱ्या पॅन्टोन कंपनीने १९९४ साली हेक्साक्रोम ही सहा शायांची पद्धत आणली, तेव्हा चारांत जी भर घातली ती नारिंगी आणि हिरव्या शाईची होती. ज्याच्या धंद्याची ओळखच या रंगावर उभी आहे, त्याने पाचवी, स्वतंत्र नारिंगी शाई लावण्याचा खर्च करावा, हे डिझायनरने काम हाती घेतानाच सांगायला हवे.

आता चित्रात इंचाला किती पिक्सेल हवेत हे सांगणाऱ्या ३०० या आकड्याकडे वळू, कारण तो जवळजवळ मंत्रासारखा म्हटला जातो. आर्ट पेपरवरच्या छपाईत एका इंचात ठिपक्यांच्या साधारण १५० रांगा बसतात आणि चित्रात इंचाला त्याच्या दुप्पट पिक्सेल असावेत असा संकेत आहे. ३०० आले ते तिथून. वर्तमानपत्रात रांगा ८५ ते १०० असतात, त्यामुळे तिथे २०० पुरतात. हा उगम ठाऊक नसलेला विद्यार्थी चौकातल्या २० बाय १० फुटांच्या फ्लेक्सलाही ३०० लावतो. त्याची फाइल ७२,००० बाय ३६,००० पिक्सेलची, म्हणजे चार रंगांत १० जीबीहून मोठी होते आणि फ्लेक्सवाल्याचा संगणक तिथेच मान टाकतो. रस्त्यापलीकडून पाहायच्या फलकाला ५० पुरेसे असतात, आणि मग तीच फाइल ३०० एमबीच्या आत बसते. चार शायांच्या ठिपक्यांच्या जाळ्या चार वेगळ्या कोनांत का लावतात, हेही असेच मुळातून समजून घ्यावे. सर्वांत ठळक अशा काळ्याला ४५ अंश देतात, कारण तिरप्या रांगा डोळ्याला सर्वांत कमी जाणवतात. आणि यलो मुळातच फिका असल्यामुळे त्याला शून्य अंशावर ठेवले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

इथवरचे शिक्षण जगात कुठेही मिळेल. यापुढचे मात्र आपले आपल्यालाच जमवावे लागते, कारण डिझाइनचे बहुतेक धडे रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेले असतात. काळ्या मजकुराचेच पाहा. पडद्यासाठी केलेला काळा रंग छपाईसाठी बदलला की तो चारही शायांत विभागला जातो. फोटोशॉपच्या मूळ मांडणीत त्याचे आकडे सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि काळा ९० टक्के असे येतात. चार शायांच्या चार छपाई-प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी अक्षराला रंगीत कडा दिसू लागतात. रोमन अक्षरे सुटी असल्याने तिथे हा दोष थोडाफार लपतो. देवनागरीत शिरोरेषा शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी धावते, आणि तिच्यावर निघालेली गुलाबी किंवा निळी किनार पानभर चुगली करते. म्हणून बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्क्यांत ठेवावा.

शिरोरेषा डिझायनरला आणखी एका ठिकाणी अडवते. इंग्रजी शीर्षकातली अक्षरे ऐसपैस पसरवण्याची पद्धत पाहून आपले विद्यार्थी मराठी शब्दही पसरवतात, आणि रेषेचे तुकडे होऊन शब्द दात पडल्यासारखा दिसतो. आपल्याकडे कॅपिटल अक्षरेही नाहीत, त्यामुळे शीर्षकाचा मान वजन, आकार आणि मोकळी जागा यांतूनच उभा करावा लागतो. ओळींमधले अंतर सॉफ्टवेअरवर सोपवू नये. पानांची मांडणी करणारे इनडिझाइन आपणहून अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के अंतर ठेवते. तेवढ्यात वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना भिडतात. मी १४० टक्क्यांपासून सुरुवात करतो. त्याच सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटतात. अशी पत्रके छापून वाटलेली मी पाहिली आहेत.

आणि हे केवळ सौंदर्याचे प्रश्न नाहीत. ‘आचार्यांना मानधन’ आणि ‘आचाऱ्यांना मानधन’ यांत एका अर्ध्या ‘र’चा फरक आहे, तो चुकला तर पाकीट गुरुजींऐवजी स्वयंपाक्याच्या हाती जाईल. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही हिंदीहून वेगळी आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे इनडिझाइनला आणि वेबपानाच्या कोडलाही सांगावे लागते. न सांगितल्यास बहुधा हिंदी वळण येते. शिवाय मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीतच, असावा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची आणि देवनागरी तिच्यात तेव्हापासून आहे, र. कृ. जोशी यांनी आखलेला मंगल हा फॉन्ट विंडोज २०००बरोबर घरोघरी पोहोचला. तरीही अनेक छापखान्यांत युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांतल्या फाइली आजही चालतात. कागदावर त्या सुंदर उतरतात, यात वाद नाही. पण तोच मजकूर संकेतस्थळावर नेला की निरर्थक चिन्हांची रास होते आणि सगळे पुन्हा टंकावे लागते.

पडद्याविषयी थोडे सांगतो, कारण त्या बाजूची माहिती तुम्हाला माझ्याहून सहज मिळते. कागद एकदा कापला की त्याचा आकार ठरला; पडद्याची रुंदी वाचकाच्या हातात असते, म्हणून तिथे पानाऐवजी नियम आखायचे असतात. त्यांतला एक नियम पुन्हा संत्र्यापाशी आणतो. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या, म्हणजे पान सर्वांना वाचता यावे यासाठीच्या, निकषांनुसार नेहमीच्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा किमान ४.५ ला १ या प्रमाणात वेगळा हवा. लाल २५५, हिरवा १४० आणि निळा शून्य अशा नारिंगीवर पांढरी अक्षरे लिहिली तर हे प्रमाण जेमतेम २.३ भरते, काळी लिहिली तर ९. तरीही आपल्या शहरात नारिंगीवर पांढरेच दिसते, कारण वातानुकूलित खोलीतल्या मोठ्या पडद्यावर ते साजरे दिसते. मे महिन्यात भर दुपारी इथल्या बर्डीच्या बाजारात उभे राहून तेच पान मोबाइलवर वाचून पाहावे.

म्हणून सरावासाठी मी एकच काम देतो. एका संत्रा-विक्रेत्याची मराठी जाहिरात तीनदा करा: ए४ आकाराचे पत्रक, २० बाय १० फुटांचा फ्लेक्स आणि मोबाइलचे पान. मजकूर तिन्हीकडे तोच, अक्षर न बदलता. पत्रक खरोखर छापून घ्या, पीडीएफ पाठवून घरी बसू नका. यंत्र सुरू असताना मशीनमनच्या शेजारी उभे राहा आणि पहिले काही कागद वाया जाताना तो कोणत्या शाईला हात घालतो ते बघा. मोबाइलचे पान घरातल्या सर्वांत जुन्या, स्वस्त फोनवर उघडा. तिन्ही नमुने पुढच्या रविवारी इथे भिंतीवर लावू.

चहा तयार आहे असे आयोजक खुणावत आहेत. बाहेरच्या टेबलावर मी माझे ते जुने लेबल आणि दुरुस्त केलेले लेबल शेजारी ठेवले आहे. भिंगे तीनच आहेत, तेव्हा एकेकाने पाहून पुढच्याला द्यावे, आणि लेबलांना चहाच्या ओल्या हातांनी स्पर्श करू नये.