हरमलचा समुद्र आणि सर्फिंगचा नवा हंगाम

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, हरमल नावाचा किनारा आहे. रस्त्यावरच्या फलकांवर तो आरंबोल या नावाने सापडतो. तिराकोल नदीच्या मुखाजवळच्या केरीपासून खाली मांद्रे, आश्वे आणि मोरजीपर्यंत वाळूचे जे किनारे एकापुढे एक लागतात, तिथे सर्फिंग शिकायला येणाऱ्यांमध्ये आता कोकणातून आणि घाटावरून येणारी मराठी कुटुंबेही दिसतात. पावसाळा मागे सरत असताना, नवा हंगाम तोंडावर आलेला असताना, या किनाऱ्यावर पुढचे सात-आठ महिने समुद्र कसा वागेल, वारा केव्हा साथ देईल आणि पाण्यात केव्हा मुळीच उतरू नये, हे आज मी आपल्याला सांगणार आहे.

पहिल्यांदा फळी हातात घेणारा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो, की लाट किती मोठी आहे. माझ्या मते त्याने त्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : लाट किती सेकंदांनी येते आहे, वारा कोणत्या बाजूने वाहतो आहे, आणि पाणी चढते आहे की उतरते आहे. या तिन्हींचा मेळ बसलेली सकाळ मिळाली, तर गुडघाभर उंचीची लाटही शिकणाऱ्याला फळीवर उभे करते. आणि मेळ बसला नसेल, तर तेवढीच लाट त्याला दमवून परत पाठवते.

हरमल नवशिक्यांना मानवतो, याचे कारण त्याच्या तळाशी आहे. किनाऱ्याचा मधला भाग वाळूचा आहे आणि त्याचा उतार सौम्य आहे. लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वा पट खोलीच्या पाण्यात आली, की फुटते. म्हणजे दोन फुटांची लाट अडीच फूट पाण्यात फुटणार, आणि तिथे पडलेल्या माणसाचे पाय वाळूला लागणार. उतार सौम्य असल्यामुळे फुटलेल्या लाटेचा फेस बराच वेळ किनाऱ्याकडे धावत राहतो आणि पहिले धडे या फेसाळ पाण्यातच गिरवायचे असतात. उत्तरेला, गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेलगत, मात्र खडक आहेत. त्या बाजूला शिकणाऱ्याने फळी नेऊ नये. तसेच दक्षिणेला मोरजीच्या टोकाशी शापोरा नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या वेळी नदीचे आणि भरतीचे पाणी एकत्र बाहेर धावते, म्हणून ती जागाही वर्ज्य समजावी.

आता लाटांकडे वळू. हरमलला येणाऱ्या लाटा दोन प्रकारच्या असतात. एक लाट जवळच्या वाऱ्याने उठवलेली असते. ती आखूड असते, पाच-सात सेकंदांनी येते आणि तिला नीट आकार नसतो. दुसरी लाट फार दूरची असते. विषुववृत्ताच्या पलीकडे, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, जिथे वादळी पश्चिमी वारे वर्षभर घोंघावत असतात, तिथे ती जन्म घेते आणि उत्तरेकडे निघते. हवामानशास्त्रात तिला स्वेल म्हणतात. दर चौदा सेकंदांनी येणाऱ्या अशा लाटांचा समूह खोल समुद्रातून दिवसाला सुमारे ९०० ते १००० किलोमीटर अंतर कापतो. म्हणजे आज सकाळी हरमलच्या वाळूवर फुटलेली लाट साधारण आठवडाभरापूर्वी, सात हजार किलोमीटर दूर, आपण कधी पाहणार नाही अशा एखाद्या वादळाने पाठवलेली असते. मला या गोष्टीचे अजूनही अप्रूप वाटते. आकाश निरभ्र असताना आणि वारा पडलेला असताना समुद्र आतून हलताना दिसतो, तो याच लाटांमुळे.

हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, म्हणजे इन्कॉइसकडून, किनाऱ्यांसाठी लाटांची उंची, दिशा आणि कालावधी, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद, यांचे अंदाज दिले जातात, आणि उंच लाटांचे इशारेही तेथूनच निघतात. त्या अंदाजातील उंचीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. तो आकडा सर्वांत मोठ्या लाटेचा नसतो. एकूण लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यामुळे अंदाजात एक मीटर लिहिलेले असेल, तर अधूनमधून त्याच्या दुपटीच्या जवळ जाणारी लाटही येऊ शकते. शिवाय लाटेची शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाने वाढते, त्यामुळे उंची दुप्पट झाली, की धडक चौपट होते. ज्याला फळीवर नीट पालथे पडतासुद्धा येत नाही, अशा माणसाने अंदाजात अर्धा मीटर ते पाऊण मीटर उंची असेल तेच दिवस निवडावेत, असा माझा सल्ला आहे. उंची तीच राहून कालावधी आठ सेकंदांऐवजी चौदा सेकंद झाला, तर लाट अधिक जोर घेऊन येते, हेही ध्यानात ठेवावे.

वाऱ्याबाबत शाळेच्या भूगोलातले दोन शब्द इथे अगदी उपयोगी पडतात : मतलई वारे आणि खारे वारे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा समोरून येणाऱ्या लाटेला किंचित थोपवून धरतो, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो आणि ती सावकाश, एका बाजूने फुटत जाते. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास हरमलच्या वाळूवर उभे राहिले, तर पाण्यावर सुरकुती नसते आणि येणारी लाट दुरूनच एखाद्या रेघेसारखी दिसते. पुढे जमीन तापते, अकराच्या सुमारास वारा फिरतो, आणि दुपारी वायव्येकडून खारे वारे सुटतात. तेव्हा तोच समुद्र बारीक बारीक लाटांनी विस्कटून जातो. फेब्रुवारी ते मे या काळात हे खारे वारे अधिक जोरकस असतात. म्हणून या किनाऱ्यावर शिकण्याची वेळ सकाळची आहे, आणि दुपारच्या जेवणानंतरचा वर्ग कोणी सुचवलाच, तर तो आपण नाकारावा.

भरती-ओहोटीसाठी आपल्याकडे एक फार सुंदर हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. पहिल्या भरतीनंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी दुसरी भरती येते. हा हिशेब ढोबळ आहे आणि जागेनुसार त्यात फरक पडतो, म्हणून छापील वेळापत्रक पाहावेच. पण घरी बसून सहलीचे दिवस ठरवताना कालनिर्णय हाताशी असले, की काम भागते.

या हिशेबातून शिकणाऱ्याला काय मिळते, ते पाहा. पौर्णिमेच्या सकाळी पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी पूर्ण झालेली असते आणि त्यानंतर अकरापर्यंत पाणी चढत असते. म्हणजे मतलई वारा आणि चढते पाणी ही दोन्ही एकाच वेळी मिळतात, आणि चढते पाणी फळीला आणि माणसाला किनाऱ्याकडेच ढकलत राहते. याउलट अष्टमीला भरती सहालाच पूर्ण होते आणि सगळी सकाळ पाणी उतरत असते. तेव्हा समुद्राकडे ओढ वाढण्याचा संभव असतो; पण अष्टमीला भांगाची भरती असल्यामुळे पाण्याची एकूण चढ-उतारच कमी असते, आणि त्यामुळे ती ओढही बेताची राहते. जपायला हवे, ते उधाणाच्या दिवसांतल्या उतरत्या पाण्याला. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरच्या दोन दिवसांत गोव्यात भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरपर्यंत जातो, आणि सहा तासांच्या ओहोटीतले जवळजवळ निम्मे पाणी मधल्या दोन तासांत उतरते. पौर्णिमेला हे दोन तास दुपारी दीड ते साडेतीनच्या आसपास येतात. म्हणजे वारा वाईट, पाणी वाईट, आणि वरून ऊन.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी शिगम्याच्या सुट्टीत, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, मी माझ्या भाच्याला घेऊन दुपारी अडीचच्या सुमारास पाण्यात उतरलो होतो. डावीकडे आणि उजवीकडे लाटा फुटत होत्या, आणि मध्ये वीसेक पावले रुंदीची एक जागा अगदी शांत होती. तिथे लाट फुटत नाही, तर तिथूनच आत जाणे सोपे, असे मला वाटले. आत जाणे खरोखरच सोपे होते. कमरेइतक्या पाण्यात पोचलो आणि पायाखालची वाळू सरकायला लागली. पाण्याचा रंग मातकट होता आणि फेसाचे पुंजके किनाऱ्याऐवजी समुद्राकडे चालले होते. किनाऱ्यावर आलेले पाणी परत जाताना वाळूच्या दोन उंचवट्यांमधली खोलगट वाट धरते, तिला रिप करंट म्हणतात, आणि आम्ही नेमके त्या वाटेत उभे होतो. भाचा फळी सोडून किनाऱ्याकडे पोहायला निघाला, तेव्हा मी त्याचा दंड धरून त्याला फळीवर पालथे पाडले. ओढ सैल होईपर्यंत आम्ही दोघे त्या एका फळीला धरून राहिलो, मग किनाऱ्याला समांतर हात मारत जिथे लाटा फुटत होत्या तिथवर गेलो, आणि त्या लाटांनीच आम्हाला बाहेर आणून सोडले. वाळूवर आल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. फळी निसटू नये म्हणून त्याच्या घोट्याला बांधलेल्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत दिसत होता. मला त्या दिवशीची माझी घाई अजून बोचते, म्हणूनच ही गोष्ट आपल्याला सविस्तर सांगितली.

आता महिन्यांचा अंदाज. जून ते सप्टेंबर हा काळ शिकणाऱ्यांसाठी बंद समजावा; त्या दिवसांत समुद्रात अडीच-तीन मीटरच्या आणि त्याहूनही उंच लाटा असतात, आणि अनुभवी मच्छीमारांच्या यांत्रिक होड्यासुद्धा जून आणि जुलै हे दोन महिने बंदीमुळे किनाऱ्याला असतात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस गोव्यातून ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास माघार घेतो. पावसाळ्यात वाहून गेलेली वाळू त्यानंतर हळूहळू परत येते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तळ रोज थोडा बदलतो, पाणी गढूळ असते आणि दुपारनंतर गडगडाट होऊ शकतो. मेघगर्जना ऐकू आली, की पाण्यातून बाहेर यावे आणि शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास परत उतरू नये. डिसेंबर आणि जानेवारीत लाटा लहान आणि सकाळ शांत असते. अगदी लहान मुलांसाठी आणि पाण्याची भीती असणाऱ्यांसाठी हेच महिने उत्तम. क्वचित अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून येतात आणि दोन दिवस समुद्र खवळलेला राहतो. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये लाटेला थोडा अधिक जोर येतो, आणि ज्याने आधी चार-सहा दिवस फेसात घालवले आहेत, त्याने खरी हिरवी, म्हणजे अजून न फुटलेली, लाट धरून पाहावी ती याच दिवसांत. पाणी वर्षभर साधारण २७ ते ३० अंश सेल्सिअस असते, त्यामुळे थंडीसाठी खास पोशाख लागत नाही. उन्हासाठी मात्र लांब बाह्यांचा सदरा घालावा.

हंगामाच्या दोन्ही टोकांना एक धोका असतो, तो चक्रीवादळांचा. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर, ऐन दिवाळीत, क्यार हे चक्रीवादळ अरबी समुद्रात खोलवर होते आणि पुढे ओमानच्या दिशेने गेले. ते गोव्याच्या किनाऱ्यावर आदळले नाही, तरीही त्याच्या लाटा कोकणात आणि गोव्यात किनारे ओलांडून आत शिरल्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याजवळून गेले. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि एप्रिलनंतर निघण्यापूर्वी हवामान विभागाचे वार्तापत्र ऐकावे, आणि अरबी समुद्रात कुठेही वादळ असेल, तर आपल्या डोक्यावर ऊन असले तरी बेत पुढे ढकलावा. मेच्या मध्यानंतर मी कोणालाही शिकायला जा म्हणत नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच पाण्यात शिरू नये. रापणकार जाळे टाकण्यापूर्वी किनाऱ्यावर उभे राहून पाणी पाहत राहतात, तसे आपणही वीस मिनिटे वाळूवर बसावे. लाटा एकसारख्या येत नाहीत. काही लहान लाटांनंतर चार-पाच मोठ्या लाटांची माळ येते, आणि वीस मिनिटांत अशा एक-दोन माळा दिसून जातात. फेस कोणत्या बाजूला वाहतो, मातकट पट्टा कुठे आहे, लाट न फुटणारी जागा कोणती, हे नीट पाहावे. लाल निशाण असेल, तर उतरूच नये. जीवरक्षक मनोऱ्यावर आल्यावर त्याला आजची ओढ कुठे आहे ते विचारावे, कारण गेल्या आठवड्यातली जागा या आठवड्यात तीच असेल असे नाही. मग शिक्षकाबरोबर, पट्टा घोट्याला घट्ट बांधून, तो दाखवील त्या जागी कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे आणि त्याने सांगेपर्यंत पहिल्या चार लाटा नुसत्या अंगावरून जाऊ द्याव्यात.

नमस्कार.