लेबलावरच्या चार ओळी

मंडळी, जुन्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन म्हटलं की डोळ्यांपुढे उद्घाटनाचा दिवस येतो. दिवे, झुंबरं, काचेच्या कपाटांपुढे वाकून बघणारी माणसं. आम्हा व्यापाऱ्यांचं प्रदर्शन मात्र त्याआधीच सुरू झालेलं असतं. स्टॉल उभे राहत असतात, गाड्या रिकाम्या होत असतात आणि आम्ही एकमेकांच्या खोक्यांत डोकावत असतो. सकाळी एकाने उतरवलेलं घड्याळ दुपारी दुसऱ्याच्या टेबलावर आणि संध्याकाळी तिसऱ्याच्या कपाटात दिसतं, किंमत दर वेळी थोडी चढलेली. ही लबाडी नव्हे. पहिला फर्निचरवाला, त्याला घड्याळातलं फारसं कळत नाही. दुसऱ्याला यंत्र कळतं. तिसऱ्याकडे गिऱ्हाईक आहे. वस्तू तीच राहते, तिच्याबद्दलची माहिती वाढत जाते, आणि आमचा सगळा धंदा त्या माहितीचाच आहे.

माळरानावर भरणाऱ्या मेळ्यांत ही माहिती ज्याची त्याने डोक्यात ठेवायची असते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डला १९५९ पासून असा मेळा भरतो. तिथे काय घेताय ते तुम्ही बघायचं. मला स्वतःला असे मेळे आवडतात, पण आज बोलायचंय दुसऱ्या टोकाबद्दल, म्हणजे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या 'टेफाफ'सारख्या प्रदर्शनांबद्दल, जिथे माहिती लिहून टांगावी लागते आणि आधी ती तपासली जाते.

ही तपासणी कशी होते? स्टॉल सजवून झाला, प्रत्येक वस्तूशेजारी लेबल लागलं, की व्यापाऱ्याला दालनाबाहेर काढतात. मग तज्ज्ञांच्या समित्या आत शिरतात. चांदीची वेगळी, फर्निचरची वेगळी, चित्रांची वेगळी. पूर्वी या समित्यांत व्यापारीही असायचे. मग कोणी कोणाचा माल का नापास केला, यावरून कुजबुज व्हायची, आणि ती अगदीच निराधार असायची असं मी म्हणणार नाही. टेफाफने २०१९ पासून व्यापाऱ्यांचा मताधिकार काढला आणि निर्णय संग्रहालयांतले अभ्यासक, संशोधक, जतनतज्ज्ञ यांच्यावर सोपवला. वस्तू नापास झाली तर ती उचलून कुलपात जाते आणि प्रदर्शन उठल्यावरच परत मिळते. वस्तू राहू दिली पण लेबल पटलं नाही, तर लेबल बदलावं लागतं.

आता एक गोल टेबल घ्या. मध्ये एकच खांब, खाली तीन पाय, लेबलावर 'सुमारे १७६०'. समितीतला माणूस पहिल्यांदा टेप काढतो. लाकूड वर्षानुवर्षं आकसत जातं ते त्याच्या अंगच्या रेषांच्या आडव्या बाजूने, लांबीच्या बाजूने जवळजवळ नाहीच. म्हणून अडीचशे वर्षांचं गोल टेबल नीट मोजलं तर गोल भरत नाही. रेषांच्या आडवं मोजलं की काही मिलिमीटर कमी येतात, कधी सेंटिमीटरभरही. अचूक वर्तुळ निघालं की भुवया उंचावतात. मग टेबल उलटं होतं. खांबाच्या डोक्यावरचा ठोकळा जिथे फळीला टेकतो तेवढी जागा हवेपासून झाकलेली, तिचा रंग वेगळा हवा. ती खूण ठोकळ्याच्या मापाशी जुळत नसेल, किंवा शेजारी बुजवलेली जुनी भोकं असतील, तर फळी एका टेबलाची आणि पाय दुसऱ्याचे. दोन्ही जुने, दोन्ही अस्सल, पण टेबल हल्लीचं! फळीच्या पोटावर गोल करवतीच्या कमानदार रेघा दिसल्या तर ती अठराव्या शतकातली नाही. स्क्रू काढून बघतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडात बसवायच्या स्क्रूंची टोकं बोथट असत. अर्थात स्क्रू बदलता येतो, त्यामुळे एकट्या स्क्रूवर कोणी निकाल देत नाही. शेवटी अतिनील दिवा. जुनं लाखेचं पॉलिश त्या उजेडात नारिंगी झळकतं आणि परवा केलेली डागडुजी पट्टा ओढल्यासारखी वेगळी पडते.

रंगाच्या बाबतीत तर रसायनशास्त्रच साक्ष देतं. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती आला तो १९२० च्या आसपास. बनावट चित्रं रंगवणाऱ्या वोल्फगांग बेल्ट्राचीने १९१४ चं म्हणून खपवलेल्या एका चित्रात नेमका तोच सापडला आणि २०११ मध्ये त्याला जर्मनीत तुरुंगवासाची शिक्षा झाली. म्हणून रंगात काय मिसळलंय ते ओळखणारी क्ष-किरणांची उपकरणं आता तपासणीच्या दिवशी दालनातच असतात.

तुमचं काम मात्र बिनउपकरणाचं आहे. लेबल वाचायचं. चित्राखाली नुसतं चित्रकाराचं नाव असेल तर व्यापारी म्हणतोय, हे त्याच्या हातचं. 'त्याच्या कार्यशाळेतलं' म्हणजे त्याच्या देखरेखीखाली शिष्यांनी केलेलं. 'त्याच्या वर्तुळातलं' म्हणजे त्या काळातल्या, त्याच्या जवळच्या कुणाचं. 'त्याच्या धाटणीचं' म्हणजे काळाचीसुद्धा हमी नाही. गिऱ्हाईक मोठ्या अक्षरातलं नाव वाचतं आणि किंमत स्वस्त वाटून खूश होतं. स्वस्त असते, त्याला कारण असतं.

वस्तू शंभर वर्षांची झाली तरच ती 'अँटिक', ही अट तर सगळ्यांच्या तोंडी आहे. ती कुठून आली? अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यात १८३० च्या आधीच्या जुन्या वस्तूंना करमाफी होती. पुढे १९६६ मध्ये तिथे ठरावीक सालाऐवजी शंभर वर्षांचा सरकता हिशोब आला. म्हणजे या आकड्याच्या मुळाशी सौंदर्यदृष्टी कमी आणि कस्टमचा कारकून जास्त!

कायद्याचं दुसरं टोक जास्त बोचतं. कपाटाच्या किल्लीभोवती नखाएवढी हस्तिदंताची चकती असली, तरी कागद लागतात. ब्रिटनमध्ये २०२२ पासून हस्तिदंताच्या विक्रीवर जवळजवळ बंदी आहे. वस्तू १९४७ पूर्वीची आणि हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल, तर नोंदणी करून विकता येते. ब्राझिली शिसवाचंही तसंच, ते १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे. शिवाय वस्तू आजवर कुणाकुणाकडे होती याची साखळी हवी. लंडनच्या 'आर्ट लॉस रजिस्टर'कडे चोरीच्या वस्तूंची नोंद असते आणि मोठी प्रदर्शनं आपला माल तिच्याशी ताडून घेतात.

आता तुम्ही खरेदी करायला उभे राहिलात तर ड्रॉवर बाहेर ओढा, विचारून ओढा. काय बदललंय, काय नवं बसवलंय, हे थेट विचारा. किमतीवर घासाघीस चालते, त्याचा राग येत नाही. पण लेबलावर जे आहे ते शब्दशः बिलावर मागा, दुरुस्त्यांसकट. नुसतं 'जुनं टेबल' असं लिहून मिळालं, तर उद्या भांडायला कागदावर काहीच नसतं.

आणि प्रश्नोत्तरांत हमखास येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. शेवटच्या दिवशी स्वस्त मिळतं का? कपाट, मोठा आरसा, जेवणाचं टेबल असेल तर बऱ्याचदा हो, कारण ते परत न्यायला हमाल, गाडी आणि गोदाम लागतं. अंगठी, डबी, नाणं असेल तर नाही. ते खिशात घालून आम्ही पुढच्या प्रदर्शनाला जातो.