काठोकाठ

(दृश्य: बडोदं, दांडिया बाजारातलं एक जुनं घर. स्वयंपाकघराचा ओटा, त्यावर काचेचा ग्लास.)

जूनचे दिवस. पाऊस अजून आलेला नाही, पण हवा ओलसर, अंगाला चिकटणारी. ओट्यावरचा हा ग्लास काठोकाठ भरलाय. पाण्यात जिलेबीत घालतात तो रंग चिमूटभर टाकलाय, म्हणून ते लाल. वर बर्फाचे तीन खडे तरंगताहेत आणि त्यांची टोकं काठाच्याही वर आली आहेत.

"सांडणार बघ," आजी म्हणतात. "आत्ताच जागा नाही. हा वितळल्यावर पाणी जाणार कुठे?"

सातवीतली नात ग्लासाला कुणाला हात लावू देत नाही. आपणही थांबू या.

(दृश्य: बर्फाचे खडे लहान होत जातात. ग्लासाखाली ओल दिसते.)

वीस मिनिटांनी ग्लासाखाली पाणी. "म्हटलं नव्हतं मी?" आजी फडकं घेऊन पुढे होतात.

"थांब गं आजी. रंग बघ ना त्याचा."

ओट्यावरचं पाणी स्वच्छ आहे, ग्लासातलं लाल. म्हणजे ते आतून आलेलंच नाही. हवेतली वाफ गार काचेवर जमली, तिचे थेंब झाले आणि ओघळले. थोड्या वेळानं बर्फ पुरता संपतो. लाल थेंब एकही बाहेर पडलेला नाही.

हिशेब सुरेख आहे, म्हणून सावकाश बघू. पाणी गोठताना फुगतं. १०० ग्रॅम बर्फाचं आकारमान साधारण १०९ मिलिलिटर भरतं. तरंगताना तो आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो. १०० ग्रॅम, म्हणजेच १०० मिलिलिटर. तेवढा बर्फ पाण्याखाली, उरलेले नऊ मिलिलिटर वर. आजींना धास्ती वाटली ती या नवांची. पण वितळताना बर्फ आक्रसतो आणि त्याचं १०० मिलिलिटरच पाणी होतं. जी जागा त्यानं आधीच अडवून ठेवली होती, तीत ते नेमकं मावतं. तरंगण्याचा हा नियम सिराक्यूजच्या आर्किमिडीजनं बावीसशे वर्षांपूर्वी मांडला. प्रत्येक मुलानं तो एकदा तरी असा, श्वास रोखून बघायला हवा.

नातीनं काल रात्री वाटीत बर्फ लावताना सुपारीएवढा काळा खडा आत टाकला होता. आता तो गोळा बरणीत तरंगतोय. पाण्याच्या रेषेवर तिनं दोरा बांधलाय. इथे मात्र पातळी चक्क उतरते, जेमतेम त्या दोऱ्याच्या जाडीएवढी. बर्फानं धरून ठेवला होता तोवर दहा ग्रॅमचा तो खडा दहा मिलिलिटर पाणी सारत होता. सुटून तळाला गेल्यावर तो फक्त स्वतःच्या आकाराएवढं सारतो, तीन-साडेतीन मिलिलिटर.

म्हणजे बर्फ किती आहे, एवढंच विचारून भागत नाही. त्याचं ओझं कोण पेलतंय, ते बघावं लागतं.

(दृश्य: समुद्रावरचा बर्फ, मग जमिनीवरच्या हिमनद्या.)

उत्तर ध्रुवावरचा बर्फ समुद्रच पेलतोय. तो वितळून पातळी जवळजवळ वाढत नाही. 'जवळजवळ' म्हणायचं कारण मीठ. खारं पाणी जड, म्हणून १०० ग्रॅम बर्फ त्यातलं साधारण साडेसत्त्याण्णव मिलिलिटरच सारतो. वितळल्यावर अडीच मिलिलिटर जास्तीचं उरतं. त्या बर्फाच्या जाण्यानं दुसरंच नुकसान होतं: पांढरा पृष्ठभाग ऊन परतवत होता, खालचं काळं पाणी ते शोषून घेतं.

ग्रीनलंडचा बर्फ जमीन पेलतेय. तो सगळा वितळला तर जगातले समुद्र सुमारे सात मीटर चढतील. अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर सुमारे अठ्ठावन्न. त्याला शतकानुशतकं लागतील, पण सुरुवात झालेली आहे.

आणि २००२ साली अंटार्क्टिकात घडलं ते तर मला या सगळ्यात फार महत्त्वाचं वाटतं. लार्सन-बी नावाचा तरंगता हिमपट्टा, सुमारे ३२५० चौरस किलोमीटर, म्हणजे पाच मुंबई मावतील एवढा, काही आठवड्यांत फुटून विखुरला. तो आधीच पाण्यावर होता, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या वितळण्यानं समुद्र फारसा चढला नाही. पण डोंगरावरच्या हिमनद्यांना तो दाराच्या अडसरासारखा होता. अडसर निघाला आणि त्या हिमनद्या कितीतरी वेगानं समुद्राकडे सरकू लागल्या.

(दृश्य: काळा घोडा पुलावरून दिसणारी विश्वामित्री नदी.)

बडोदेकरांना पाण्याची पातळी फुटांत मोजायची सवय आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये काळा घोड्यापाशी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा घराघरांत रात्रभर तोच आकडा विचारला जात होता. तो पूर पावसाचा, त्याचा या बर्फाशी थेट संबंध जोडता येणार नाही. पण पावागडावरून निघालेलं हेच पाणी पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातात जातं. समुद्राची पातळी वाढली, तर नदीच्या मुखापाशी तिचं पाणी ओसरायला वेळ लागेल.

(दृश्य: पुन्हा ओटा.)

ग्लास परत काठोकाठ भरलाय. यावेळी बर्फ पाण्यात नाही, चहाच्या गाळणीत आहे आणि गाळणी आजींनी ग्लासावर अधांतरी धरलीय. ओझं सगळं त्यांच्या मनगटावर. टप. टप. पाणी काठावर फुगतं, क्षणभर तसंच टिकतं, मग एक लाल ओघळ काचेवरून खाली उतरतो.

"सांडलं," नात हळूच म्हणते.

"हात भरून आला गं माझा," म्हणत आजी गाळणी कलती करतात. उरलेले खडे ग्लासात पडतात आणि लाल पाणी भसकन ओट्यावर पसरतं. खडे अजून तसेच आहेत, न वितळलेले.